बारा झाडांना हात लावायचा नाही

माझ्या आईला घाण बघवत नाही, आणि माझी पीएच.डी. घाणीवरच उभी आहे. यातून जे व्हायचं तेच झालं.

सीताफळावर पिठ्या ढेकूण नावाची कीड पडते. झाडावर पीठ सांडल्यासारखं दिसतं. तिला खाणारे मित्रकिडे सोडले तर फवारणी टळते का, हे मी तपासते. मांजरसुंब्याच्या पुढे डोंगरउतारावर आमची सीताफळाची छोटी बाग आहे. तिथल्या बारा झाडांना लाल फिती बांधून मी मित्रकिडे सोडले. दुसऱ्या बारा झाडांना पांढऱ्या फिती बांधल्या आणि त्यांना काहीच केलं नाही. काहीच न केलेली झाडं नसतील तर किड्यांनी काय दिवे लावले ते कळणार कसं? घरी बजावून सांगितलं होतं, या बारा झाडांना हात लावायचा नाही.

या कामासाठी मला संशोधन शिष्यवृत्ती मिळते. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही, हे प्रयोगाची पाहणी करून ठरतं. बंद झाली तर विद्यापीठाला रामराम आणि कडा गावातल्या एखाद्या खासगी क्लासमध्ये खडू हातात. आईवडिलांनी वीस दिवाळ्या उसाच्या फडात काढून मला इथवर आणलंय, त्यामुळे 'बंद झाली तर' हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

पाहणीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं बागेच्या तोंडाशीच उतरले. बघते तर काय, पांढऱ्या फितीची बाराच्या बारा झाडं लख्ख! पानं पुसलेली, फळांच्या खाचाखाचांतून कीड गायब. फितीसुद्धा साबणानं धुऊन परत बांधलेल्या. शेवटच्या झाडाखाली आई बादलीत फडकं पिळत होती.

"माय, काय केलंस गं हे?"

"पुसली," आई खुशीत म्हणाली. "पुन्याहून लई मोठी बाई येनार म्हनलीस ना? पाव्हन्याला असली झाडं दाखवायची व्हय? त्यात रस्त्याच्या कडंला."

"हात लावू नको म्हणले होते मी!"

"औशद मारायचं न्हाई, आसंच ना? थेंब बी न्हाई मारला. दोन दिस नुसत्या फडक्यानं पुसतेय."

आमच्याकडे रान बघून बाई जोखतात. उसाच्या फडातसुद्धा आईच्या सरीत पाचट कधी इकडंतिकडं दिसलं नाही. मुकादम दुसऱ्यांना आणून तिची सरी दाखवायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी अशी काही ओरडले की माझे वडील, आप्पा, बांधावरून पळत आले. आता दाखवायला काही उरलं नाही, शिष्यवृत्ती गेली, असं मी त्यांना सांगितलं. हे ऐकून आईच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

आप्पा मात्र डगमगले नाहीत. "मंग त्यात काय! पल्याडच्या शिवशंकरच्या बागंत ढेकनं लई हायत. त्यानं जल्मात फवारलं न्हाई. मोटरसायकलवर दोन पोती भरून आनतो, देऊ सोडून."

तेवढ्यात फोन वाजला. पाहणीला येणाऱ्या वनमाला मॅडम मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेत होत्या. अर्ध्या तासात पोचतो म्हणाल्या. अर्ध्या तासात आप्पांची एक खेप आरामात झाली असती. खोटं कशाला सांगू, मी गाडीच्या चावीकडे बघितलं.

"राहू द्या, आप्पा," मी शेवटी म्हणाले. सगळा हंगाम दर आठवड्याला वहीत खरा आकडा लिहिला होता. शेवटचा खोटा लिहायला हात धजला नाही, एवढंच.

मॅडम गाडीतून उतरल्या. मी तोंड उघडायच्या आत आई पुढं झाली.

"बाई, झाडं म्या पुसली. पोरीचा गुना न्हाई. तिनं सांगितलतं, माझ्याच डोस्क्यात न्हाई शिरलं. काय बोलायचं ते मला बोला, पर तिचं शिकनं बंद करू नका."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही घेतली, पानं उलटली, दोन्ही फितींची झाडं फिरून पाहिली. मग सीताफळाच्या सावलीत बसून म्हणाल्या, "मागच्या आठवड्यापर्यंतची मोजणी चांगली आहे. शेवटची गेली. पुढच्या हंगामात प्रयोग परत करावा लागेल. शिष्यवृत्ती चालू ठेवा असं मी लिहीन, पण ही बारा झाडं पूर्ण हंगाम तशीच राहिली पाहिजेत. कीड पडू दे, फळं सडू देत. याची हमी कोण देणार?"

आईनं रस्त्याकडे बघितलं, मग झाडांकडे.

"म्या देते," ती म्हणाली.

शिष्यवृत्ती चालू राहिली, पण आईच्या हमीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या हंगामात मी दर आठवड्याला बागेत आले की आधी पांढऱ्या फितीची झाडं गाठायचे. झाडं मात्र जशीच्या तशी, दर खेपेला आणखी पांढरी.

परवा मोजणीला आले तेव्हा आई बांधावर उभी होती. रस्त्यानं बायनाबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. ती आईच्याच टोळीतली, वीस वर्षं शेजारच्या सरीत ऊस तोडलेली.

"छबे, झाडांची ही कळा कावून गं? हात गळाले का तुझे?"

आईचे दोन्ही हात पदराखाली होते, एकमेकांत घट्ट धरलेले.

"आळस आलाय बाई," ती म्हणाली.

बायनाबाई च्‌च् करत गेली. माझ्या आईला आळशी म्हणून कुणी जावं आणि तिनं ते ऐकून घ्यावं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. "माय, खरं सांगून टाकायचं ना तिला!"

"तू मला सांगितलतं, मला कळलतं का?" आई म्हणाली. "तिला सांगितलं तर उद्या चार बाया घिऊन पुसाया यील. म्हनू दे आळशी. आजून सतरा दिस हायत."