एका त्रस्त ग्राहकाची तक्रार

काशीबाईंनी टेबलाची कड धरली, घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणावी तशी सुरुवात केली.

"मॅडम, गंगाराम वायरमन अतिशय वाईट माणूस आहे."

वीज कंपनीकडून चौकशीला आलेल्या आकांक्षा मॅडमनी लिहून घेतलं. "काय वाईट केलं त्यांनी?"

काशीबाई गडबडल्या. पाठ केलेलं तेवढंच होतं.

"पहाटे चारला आमच्या अंगणात शिरला."

मॅडमचं पेन थांबलं. "कशाला?"

"वायर तुटून पडलेली. मी तिथंच फुलं काढायला जाते ना, म्हणून जोडून गेला. पण झोपमोड झाली ती झालीच."

पुढची साक्ष सरपंच मथुराताईंची. त्या चिठ्ठी घेऊन आल्या होत्या.

"चौदा वर्षं झाली, गणपतीत हा फोंडाघाटाला स्वतःच्या घरी जात नाही."

"मग असतो कुठे?"

"खांबावर. आणि खाली उतरला की आमच्याकडे मोदक खातो. एकवीस."

"ही तक्रार आहे?"

"एकवीस, मॅडम!"

ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गंगाराम मांडीवर पक्कड ठेवून, मान खाली घालून आरोपीसारखा बसला होता.

खरं तर हे गाव गंगारामला दिवसातून दहा वेळा शिव्या घालायचं. पण त्या मालवणीत. साहेबासमोर सगळ्यांची शुद्ध मराठी सुरू व्हायची, आणि त्या भाषेत गावात कुणालाच भांडता येत नव्हतं.

चूक गावाचीच होती. गेल्या वर्षी प्रेमाचं भरतं येऊन सगळ्यांनी सह्या करून वीज कंपनीला गंगारामच्या कौतुकाचं पत्र धाडलं. कंपनी खूश झाली. इतका गुणी माणूस एकाच गावात वाया घालवू नये म्हणून तिने त्याची बदली थेट घाटावर, कोल्हापूरला केली. गाव कपाळाला हात लावून बसलं. तेवढ्यात ऑफिसात एक निनावी तक्रार पोचली, आणि चौकशी संपेपर्यंत बदली थांबली. आपल्या गावात इतकं डोकं कुणाला, यावर आठवडाभर खल झाला. मथुराताईंना तर आपल्याला हे सुचलं नाही याचंच वाईट वाटत होतं. आज मॅडमनी 'तथ्य नाही' असं लिहिलं की सोमवारी गंगाराम घाट चढणार होता.

अकरावी साक्ष चालू असताना पंखा थांबला.

सगळ्यांनी आरोपीकडे बघितलं. आरोपीने मॅडमकडे.

"जाऊ?"

"तुमची चौकशी चालू आहे."

"होय मॅडम. पण लाईट गेली आहे."

देवळाजवळच्या माडाचं भलंमोठं चुडत, अख्खी झावळी, तारांवर लोंबकळत होतं. गंगारामने फोन करून लाईन बंद करून घेतली, खांबाला शिडी लावली. अख्खी चौकशी त्याच्या मागोमाग खांबाखाली आली, आणि तिथे गावाची शुद्ध मराठी संपली.

"मेल्या, हातमोजे खंय तुझे?" काशीबाई ओरडल्या.

"खिशात आसत गो!"

"खिशाक शॉक लागतलो काय? घाल आदी!"

"चौदा वर्सां झाली, अजून माकडासारखो चढता," मथुराताई म्हणाल्या. "रे गंग्या, पडलंस तर तुझ्या आयशीक काय सांगू मी?"

मॅडम फाईल कपाळावर धरून वर बघत होत्या. गंगाराम डाव्या बाजूला झुकला तशा त्या एकदम ओरडल्या.

"ओ, पट्टो बांधा आदी कमरेक!"

 काशीबाई मॅडमकडे वळल्या.

"बाय, तू खंयची गो?"

"वालावलची."

"अगो माझ्या बाये, मगे आदीच सांगूक नको? सकाळपासून कोल्लापुरासारख्या बोलान जीभ वाकडी झाली माझी!"

पंखा फिरायला लागला तसे सगळे परत आत आले. मॅडमनी जबाब चाळले. अकरा साक्षी, आणि तक्रार म्हणावी तर ते एकवीस मोदक. त्यांनी फाईलमधून मूळ तक्रारीचा कागद काढून मनातल्या मनात वाचला. लाल बॉलपेनने लिहिलेला, अक्षर खांबासारखं ताठ. कार्यालयाबाहेर तो कुणालाही दाखवलेला नव्हता.

'सदर वायरमन कामचुकार आहे. दुसरीकडे पाठवल्यास तिथल्या लोकांनाही त्रास देईल, तरी त्याला इथेच ठेवून शिक्षा करावी. चौकशी कसून व सावकाश व्हावी. घाई करू नये. – एक त्रस्त ग्राहक.'

मॅडमनी सुस्कारा सोडला. "यात तथ्य काही दिसत नाही. मला तसंच लिहावं लागेल."

काशीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आहे ना मॅडम!" गंगाराम पहिल्यांदाच उठून उभा राहिला. "तथ्य आहे. मी कामचुकार आहे. मला इथेच ठेवून शिक्षा करा."

मॅडमनी एकदा कागदाकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तुमचा जबाब. जे म्हणताय ते लिहा."

गंगारामने शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टोपण दातांनी ओढलं आणि लिहायला घेतलं. 'मी गंगा' एवढं उमटलं. लाल. ताठ.

मथुराताई बघायला पुढे वाकल्या. त्याआधीच मॅडमनी तक्रारीचा कागद पालथा घातला होता. गंगारामच्या हाताखालचा कागद ओढून, घडी घालून त्यांनी पर्समध्ये टाकला. दुसरा कोरा कागद ठेवला आणि त्यावर स्वतःचं निळं पेन.

"ह्या पेनान लिवा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश. घाई नाय."