दोन ऑगस्टचं पत्र

आर्डिसने पर्समधून पाकीट काढलं आणि साक्षीदाराच्या कठड्यावर ठेवलं. पाकिटावर पत्ता होता, तिकीट होतं. टपालाचा शिक्का नव्हता.

पक्षाचा वकील बोलता बोलता थांबला. तिचा नवरा मर्ल लिंडक्विस्ट याने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मुदतीआधीच मागे घेतली होती, पण माघारीचं ते पत्र निवडणूक कार्यालयाने हरवलं, असा वकिलाचा दावा होता. पुराव्याला मर्लच्या टेबलात सापडलेली नक्कल होती. मुदतीनंतर नाव बदलता येत नव्हतं, आणि मुदत संपून सहा दिवस झाले तेव्हा मर्ल वारला. दावा टिकला तर मतपत्रिकेवर त्याच्या जागी पक्षाचा कार्यकर्ता क्लेटन रीस याचं नाव येणार होतं. नाही तर शेतकऱ्यांच्या या चिमुकल्या पक्षाला मेलेल्या माणसासाठी मतं मागावी लागणार होती.

“हे तुमच्याकडे कसं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“दोन ऑगस्टला त्याने मला पोस्टात टाकायला दिलं. मी टाकलं नाही.”

“विसरलात?”

“नाही.” तिने पाकिटाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. “डॉक्टरांनी आठवडाभराचीच आशा दाखवली होती. भाषण लिहायचं म्हणून तो रोज उठून बसायचा. निवडणूक सोडली असती तर उठला नसता.”

“पत्र टाकलं का, असं त्यांनी विचारलं नाही?”

“कधीच नाही.”

दुपारी निकाल लागला. मर्लचं नाव कायम राहिलं.

बाहेर पक्षाची माणसं तिला वळसा घालून पायऱ्या उतरली. “चार वर्षांची मेहनत,” एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “आणि बाईंना आजच खरं बोलायची हुक्की आली.”

क्लेटन सगळ्यांच्या शेवटी आला. मार्चपासून तो स्वतःचा ट्रक घेऊन मर्लसाठी गावोगाव हिंडला होता. आर्डिसने त्याच्याकडे बघितलं नाही.

“बोल. काय बोलायचं ते बोलून टाक एकदाचं.”

“त्या दोन तारखेनंतर किती दिवस मिळाले त्याला?”

“एकोणीस.”

तो पायरीवर बसला. “रोज सकाळी फोन करायचा मला. दुधाच्या भावावर बोल, ओरडू नकोस, लोकांना आधी बोलू दे. एक दिवस चुकवला नाही.”

“आणि माघारीचं?”

“अवाक्षर नाही. मीच एकदा विचारलं, थकलास का रे? तर म्हणाला, आर्डिसने अजून सोडलेलं नाही, मी कसा सोडू?”

आर्डिस उभीच होती. मग कठड्याला धरून हळूहळू ती त्याच्या शेजारी बसली.