तो वाण, ते वाण

हर्षालीला मी अजूनही सांगते, बाई गं, तू खत शिकव, कलमं शिकव, पण व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहायचं झालं की आधी मला दाखव. ती नुसती हसते. तिला हसायला काय जातंय! त्या रविवारी माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

आमच्या पाथर्डी फाट्याच्या कॉलनीला लागून महापालिकेची एक बाग आहे. तिथं दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांचा बागकामाचा वर्ग भरतो. कडुनिंबाखाली सतरंजी टाकायची आणि हर्षाली सांगेल ते ऐकायचं. पोरगी कृषीची पदवीधर, कामाला वाघीण. मागच्या कुंपणाजवळ बागेनं वर्गाला एक वाफा दिलाय, त्याच्या शेजारी पालापाचोळ्याच्या खताचा ढीग. वर्गात आम्ही बायका जास्त. पुरुषांत नेमाने येणारे एकटे खंडेराव. ते देवळाली कॅम्पातून रिटायर झालेले, तोफखान्यात कान गेलेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून जगाला ऐकू जाईल असं बोलतात.

या वर्गाला मी माझ्या मोठ्या जावेला, यशोदाआक्काला, ओढून नेलं. ओढूनच म्हणायचं. माझे थोरले दीर गेले आणि पुतण्यानं, राजनं, आक्काला वणीजवळच्या गावातून इथं त्याच्या फ्लॅटवर आणलं. राज चांगला, सून दिशा तर लाखात एक. पण आक्का कुणाच्या दारात जाईना. गावाकडं एका बारशात पाळण्याजवळ गेली, तर कुणीतरी म्हणालं, "आक्का, तुम्ही जरा मागं बसा." बस्स. तेव्हापासून लग्न नाही, बारसं नाही, साधा शेजारचा चहासुद्धा नाही. माझ्याकडं यायची, तेही घरचंच म्हणून. मी किती डोकं आपटलं! माझं तोंड तिखट, सगळी कॉलनी जाणते, पण आक्कापुढं ते चालत नाही. ती भांडतच नाही हो. भांडत नाही त्या माणसाशी कसं भांडायचं?

शेवटी मी म्हटलं, "आक्का, ती बाग आहे, कुणाचं घर नाही. बागेला काय उंबरा असतो का?"

तिनं विचार केला आणि म्हणाली, "उंबरा नसंल तर येते."

पहिल्याच रविवारी तिनं पिशवीतून एक वाळलेलं गिलकं काढलं. पुण्याकडचे त्याला घोसाळं म्हणतात, म्हणू देत. आमच्या सासूबाईंच्या परसातलं ते गिलकं. मनगटाएवढं जाड, पण आतून लोण्यासारखं, आणि भजी अशी की पाहुणा उठायचं नाव घेत नाही. सासूबाईंना त्यांच्या सासूनं दिलेलं, त्यांनी आक्काला दिलेलं. माझ्याकडं शहरात माती कुठली, म्हणून मला नुसती भजी मिळाली. गाव सोडताना आक्कानं वेलीवरचं शेवटचं गिलकं तेवढं तोडून आणलं होतं आणि राजच्या गॅलरीत खिळ्याला टांगलं होतं. त्या गॅलरीत ऊन म्हणून येत नाही. नुसतं लटकत होतं बिचारं.

"हे बी अजून उगवंल का नाय, म्हाईत नाय," आक्का हर्षालीला म्हणाली. "पन माझ्यामागं ही वेल बंद पडाया नको. लय घरी गेली पायजे."

हर्षालीनं ते गिलकं कानाशी धरून हलवलं. आतलं बी खुळखुळलं. "आक्का, हा तर अस्सल देशी वाण आहे!" म्हणाली. एवढी हरखली की तिनं वाफ्याची अख्खी कड त्या गिलक्याला दिली.

पावसाळ्यात वेल कुंपणावर चढली, पार विजेच्या खांबापर्यंत गेली. भजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, खंडेरावांनी सगळ्यांपेक्षा जास्त. पण चांगली चांगली गिलकी आक्का तोडू द्यायची नाही. बियाला राहू द्या म्हणायची. संक्रांत आली तेव्हा कुंपणावर वाळलेली, तपकिरी गिलकी लटकत होती आणि मध्येमध्ये पोरांचे अडकलेले पतंग. वारा आला की सगळं कुंपण खुळखुळायचं. त्या आवाजानं आक्काच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मला वाटायचं, आली बाई माणसांत.

हर्षाली म्हणाली, बियांची पाकिटं करू, मोठा कार्यक्रम करू, सगळ्या कॉलनीला बोलावू. आक्का पाकिटांना कबूल होईना. "बी फळातून थेट पदरात पडलं पायजे. मी माझ्या हातानं देईन. आन घेनारानं रिकाम्या हातानं घ्यायचं नाय. काही बी द्यावं, मूठभर दाने द्यावे, पन द्यावं. फुकट घेतलेली वेल नुसती पाल्यावर जाते, गिलकं धरत नाय." हे सासूबाईंचं शास्त्र. खरं-खोटं देव जाणे, पण आक्का स्वतः होऊन म्हणाली की मी देईन, माझ्या हातानं. चार लोकांत पुढं उभं राहून! मला रडूच आलं. दाखवलं नाही.

आणि मग हर्षालीबाईंनी मेसेज टाकला. "रविवारी सकाळी बागेत वाण वाटप. सर्व भगिनींनी अवश्य यावे."

आता तुम्हीच सांगा. संक्रांत होऊन दोन-चार दिवस झालेले, रथसप्तमी पुढ्यात, घरोघरी हळदीकुंकवाचा धडाका, आणि हिनं लिहिलं वाण! शेतीवाल्यांच्या तोंडी तो वाण, म्हणजे बियाणाची जात. बायकांच्या तोंडी ते वाण, म्हणजे हळदीकुंकवात लुटतात ते, डबी, वाटी, गाळणी. तो की ते, एवढं जरी लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण "वाण वाटप" म्हटल्यावर कोण काय समजणार? आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा वैष्णवी. तिनं मेसेज पुढं ढकलला आणि खाली स्वतःचं शेपूट जोडलं. काळी साडी, हलव्याचे दागिने असल्यास घालावेत. मी मंडळाच्या ग्रुपवर नाही. का नाही, ते जाऊ द्या.

रविवारी मी आणि आक्का बागेशी पोचलो. आक्कानं नवं लुगडं नेसलेलं, राखाडी, बारीक काठाचं. फाटकातून बघते तो काय, आत काळ्या साड्यांची जत्रा! कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर तिळगुळाचं ताट, गुलाबदाणी, आणि वैष्णवी हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी. येईल तिला लावतेय. फाटकाला रांगोळी, आणि रांगोळीत ठळक लिहिलेलं, "सुवासिनींचे स्वागत".

आक्काला वाचता येतं.

ती थांबली. पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, "सिंधू, तू म्हनली व्हतीस बागेला उंबरा नसतो."

मी तिचा हात धरला. "अहो आक्का, चूक झालीय काहीतरी, मी बघते, मी आत्ता जाऊन एकेकीला..."

"कुनाला काय बोलायचं नाय. त्यांचा सन हाय. मी मागल्या फाटकानं जाते आन वेलीपाशी बसते. कार्यक्रम झाला की मला हाक मार, मंग घरी जाऊ. बी तूच वाट."

"मी नाही वाटणार. बी तुमचं आहे."

"मंग राहू दे," म्हणाली आणि वळून गेली. वर्षभराची वेल, आणि "राहू दे"!

मी तरातरा आत गेले. हर्षाली रडकुंडीला आलेली. "काकू, मी बियाणं म्हणत होते हो! यांना सांगतेय तर कुणी ऐकतच नाही."

तेवढ्यात वैष्णवीच मला म्हणाली, "सिंधूताई, बरं झालं आलात. वाण कुठं ठेवलंय? टेबलावर तर काहीच नाही."

आता माझा पारा चढला. आक्कानं सांगितलं होतं, कुणाला काही बोलायचं नाही. मी म्हटलं, बोलायचं नाही, पण पत्ता तर सांगते. टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाण पाहिजे ना? वाण आहे गिलक्याचं बी. आणि ते आहे मागं कुंपणाला, खताच्या ढिगाजवळ, माझ्या मोठ्या जावेपाशी. तिनंच लावलं, तिनंच जपलं. तिचा नवरा वारलाय, म्हणून तुमची रांगोळी वाचून ती मागल्या दारानं गेली. ज्यांना वाण पाहिजे त्यांनी तिकडं जावं. इथं काही नाही."

एकीनं दुसरीकडं बघितलं, दुसरीनं साडीच्या निऱ्यांकडं. वैष्णवीच्या हातातला करंडा तसाच. मला वाटलं, झालं, सिंधूबाई, तुम्ही पुन्हा माती खाल्ली. आता मेलं तरी कुणी हलणार नाही.

तेवढ्यात मागून तोफ धडाडली. "काय म्हणाल्या? बी कुठाय?"

खंडेराव! त्या काळ्या साड्यांच्या गर्दीत बिचारे मघापासून एका कोपऱ्यात उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला होता. बाकी काही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी ओरडले, "कुंपणाला! आक्कांकडं!"

"मग इथं काय उभ्या आहात सगळ्या?" असं म्हणून ते निघाले. त्यांच्या मागं हर्षाली, तिच्यामागं मी, आणि माझ्यामागं पावलं वाजली, पण मी वळून बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

आक्का वाफ्याच्या कडेला विटांवर बसली होती. खंडेरावांनी तिच्यापुढं डोक्यावरची टोपी उलटी धरली. "द्या!"

आक्का गोंधळली. माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं बघितलं. मग उठली, कुंपणावरचं एक गिलकं तोडलं, त्याचं टोक मोडलं आणि टोपीत हलवलं. काळंभोर बी टपटप टपटप पडलं.

"आन तुमी काय देनार?" आक्का म्हणाली. खंडेरावांना कळलं नाही. मी खूण केली. त्यांनी हातातला तिळगूळ पुढं केला. "घ्या! गोड बोला!" असे ओरडले की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. आक्काला हसू फुटलं. आणि बायकांना फुटलं. आणि मग एक पुढं आली, दुसरी आली, काळ्या साड्यांचे पदर पसरायला लागले. देणारीनं हात वर धरायचा आणि घेणारीनं पदर. ओटी भरताना धरतात तसाच. कळत सगळ्यांना होतं. आक्काच्या लुगड्याच्या ओच्यात तिळगुळाचा ढीग झाला.

शेवटी वैष्णवी आली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात करंडा. डोळे भरलेले. "आक्का, माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. रांगोळीत दरवर्षी तेच लिहितो आम्ही." आणि बोट कुंकवात बुडवून तिनं आक्काच्या कपाळाकडं नेलं.

मला वाटलं, लाव बाई, लाव एकदाचं. पण आक्कानं तिचं मनगट हळूच धरलं.

"मला नको. त्ये गेले तवा मी माझ्या हातानं पुसलं, त्ये माझं हाय. तू बियाला लाव. पेरताना लावत्यातच." आक्कानं तिच्या पदरात बी हलवलं आणि वैष्णवीनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मला काही ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण आक्काचं कपाळ आक्काचं.

घरी जाताना बघते तर कुंपण मोकळं. "आक्का, अहो, स्वतःला एक तरी ठेवायचं!"

"मला कशाला?" म्हणाली. "एवढ्या घरी गेलंय."

आठवडाभरानं मी भाजी फोडणीला टाकत होते, तर आक्का दारात. चपला घातलेल्या, पदर डोक्यावर, हातात पिशवी नाही. "सिंधू, त्या वैष्णवीचं घर कोनतं गं?"

"समोरचं, निळ्या फाटकाचं. कशाला?"

"बी उगवलं का बघाया. उलटं लावलं आसंल तिनं, टोक वर करून. शहरातल्या बाया." आणि मी गॅस बंद करून येते म्हणेपर्यंत जिन्यात दिसेनाशी झाली.

मी गॅलरीत धावले. आक्कानं रस्ता ओलांडला, निळं फाटक उघडलं, दाराशी जाऊन उभी राहिली. वैष्णवीनं दार उघडलं, काहीतरी म्हणाली. आक्का क्षणभर खाली उंबऱ्याकडं बघत राहिली. मग चपला काढल्या आणि आत गेली.

माझी फोडणी करपल्याचा वास आला. करपू दे म्हटलं.