आश्रमाबाहेरचा देव

लेकीला दवाखान्यात नेलं, एवढाच सुभद्राचा गुन्हा. चिन्मयी तापानं फणफणली होती, मान ताठ झाली होती, आणि आश्रमाचे महाराज सांगत होते की औषध दिलं तर श्रद्धा बाटेल. नवरा केशव नुसता हात जोडून बसला. शेवटी सुभद्रानं पोरीला खांद्यावर टाकलं, कुंपण ओलांडलं आणि शहरात रामदासपेठेतला दवाखाना गाठला. पोर वाचली, पण तिचं ऐकू येणं गेलं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. आश्रमानं मायलेकींना वाळीत टाकलं.

शहरातल्याच महाल भागात घरमालकीण रुखमाबाईंनी तिला खोली दिली. गांधीबागेतल्या दुकानात साड्यांना फॉल लावायचं काम मिळालं. पोट भरत होतं. पण डोळे मिटले की महाराजच समोर यायचे. आश्रमात भजनाला तिचाच आवाज पुढे असायचा. आता ओठ उघडत नव्हते.

"देवावर काहून रुसली वं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"रुसली नाही, मावशी. भेव वाटते. महाराजाचंच खरं असंन तं? माह्यामुळंच पोरीचे कान गेले असतीन तं?"

दिवाळीनंतर केशव आला. चिन्मयी धावत जाऊन त्याला बिलगली. त्यानं हाक मारली, मग कानाशी जाऊन ओरडला. पोर दचकून मागं सरली.

"चाल आश्रमात," तो म्हणाला. "सगळ्यायसमोर महाराजाचे पाय धर. पोरीले आयकू येईन म्हणते."

सुभद्राचा जीव क्षणभर लोभावला. मग ती म्हणाली, "मी पोरीले घेऊन पळाली तवा फाटकाले कुलूप होतं. कुंपण चढाचं बळ मले कोनं देल्लं? तुमच्या महाराजानं?"

स्वतःच्याच बोलण्यानं ती थबकली. केशव खाली मान घालून निघून गेला. चिन्मयी त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंत रडत होती.

तिला निजवून सुभद्रानं हात जोडले. महाराजांचा चेहरा आला, तरी या वेळी तिनं हात सोडले नाहीत. "देवा," ती पुटपुटली, "तेवढंच बळ अजून दे."

पुढं ती रुखमाबाईंसोबत गल्लीतल्या देवळात बसू लागली. एका गुरुवारी तिनं भजन उचललं. दुसऱ्या कडव्याला ती थांबली. बायकांनी ते पुढं नेलं. चिन्मयी आईच्या गळ्यावर तळहात ठेवून बसली होती.

केशव परत आला नाही. अजूनही पोरीला साधा ताप आला, की सुभद्रा आधी तिची मान चाचपून बघते. ती देवाचं नाव घेते आणि रिक्षा बोलावते.