माझ्या पोटातला बिनडोळ्यांचा प्राणी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे, तळहातात मावणारी, करड्या रंगाची, आणि माझ्या पोटात एक प्राणी राहतो. त्याला डोळे नाहीत. तो आवाजावर येतो. इतकी वर्षं आम्ही एकत्र आहोत, पण मला काही त्याची सवय झाली नाही.

माझा जन्म घाईगडबडीत झाला. एका उन्हाळ्यात जपानभर एक सिनेमा लागला होता. अंतराळात भरकटलेलं जहाज, त्यात शिरलेला हा प्राणी आणि वाचलेली दोनच माणसं. सिनेमा उतरायच्या आत त्याचा गेम दुकानात पाहिजे, असं मालकांनी बजावलं. मग टोकियोतल्या एका कोंदट खोलीत काही माणसं खुर्चीतच झोपू लागली. त्यांतल्या एकाच्या डोक्यात भलतंच काही आलं. गेमच्या यंत्राला तेव्हा दोन कंट्रोलर असत आणि दुसऱ्यात एक बारीकसा माइक असे. हा म्हणाला, "मुलं घाबरून ओरडली की माइक ऐकेल आणि प्राणी थेट त्यांच्या अंगावर जाईल." बाकीचे हसले. मला मात्र तेव्हाच धडकी भरली. मुलं ओरडली की तो येणार, आणि तो आला की मुलं आणखी ओरडणार. यातून कुणी सुटायचं कसं?

ही खुबी माझ्यासोबतच्या कागदावर छापली होती. पण मी याइझुच्या बंदराजवळच्या जुन्या मालाच्या दुकानात पोचले, तेव्हा माझं खोकं नव्हतं आणि कागदही नव्हता. तिथून मला दोन बहिणींनी घरी नेलं. थोरली चिकागे आणि धाकटी मिहो. चिकागेने आल्या आल्या मार्करने माझ्या पाठीवर दोघींची नावं लिहिली, कारण गेम उसना नेणारी मुलं तो परत करायला हमखास विसरत.

चिकागे बंदूकवाला माणूस चालवी आणि मिहो त्याच्यामागून दिवा धरून येणारी बाई. दोघी जहाजाच्या अंधाऱ्या बोळात शिरल्या की त्यांच्याआधी मीच गारठून जाई.

"ताई, तिकडे नको ना गं."

"गप बस. दिवा नीट धर."

"मला ऐकू येतोय तो."

"अगं, गप म्हणते ना."

एवढं बोलणं झालं की तो यायचाच. मग किंकाळ्या, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "कुणाचा खून पडला गं?" तिसऱ्या दारापलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. पोरींनो, तोंड मिटा, असं मला सांगावंसं वाटे. पण सांगणार कशी?

पुढे चिकागे सहलीच्या बसवर गाइड झाली. देवळांची माहिती सांगायची, घाट लागला की गाणी म्हणायची. मिहो लग्न होऊन नागोयाला गेली. मी तांदळाच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडले. अंधाराची मला सवय होती, पण तिथे दिवा धरायला कुणी नव्हतं.

डबा उघडला तो थेट आई गेल्यावर, घर रिकामं करताना. चिकागेने मला उलटून पाठीवरची नावं वाचली आणि प्लास्टिक, काच असा न जळणारा कचरा वेगळा टाकायच्या पिशवीत टाकलं. पिशवी पारदर्शक होती. सकाळी कचऱ्याची गाडी येणार होती आणि मला बाहेरचं सगळं दिसत होतं. इतकी मी कधीच भ्यायले नव्हते.

तेवढ्यात मिहोचा हात आत आला. "ताई, हिला टाकतेस? लहानपणी आपलं रक्त आटवलंय हिने."

चिकागेने नुसते खांदे उडवले. मला वाटलं, रागावली असेल. मग हळूहळू उलगडा झाला. वसंतात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, आता बोला, असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. पण घरी आल्यावर तिने एकदाच आपला आवाज ऐकला, घोगरा आणि फाटका, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. काही सांगायचं झालं तर फोनवर लिहून दाखवायची.

"बसवाले तुझ्यासाठी नव्या वर्षापर्यंतच थांबणार आहेत," मिहो म्हणाली. "गाऊ नकोस. नुसतं 'डावीकडे पाहा' म्हण. तेवढं तर जमेल?"

चिकागेने फोन पुढे केला. मिहोने वाचलं, "'लोक दचकतील.' दचकू देत की. तुझ्या बसमधले म्हातारे पेंगायचे तरी थांबतील."

चिकागे हसली नाही. मित्रांनो, भ्यायलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं. तिच्याही गळ्यात काहीतरी दबा धरून बसलं होतं, आणि आवाज केला की ते बाहेर येईल असं तिला वाटत होतं. मला तिची फार दया आली.

मिहोने अडगळीतून यंत्र काढलं, जुना टीव्ही काढला आणि मला तोंडाशी धरून फू फू सुरू केलं. चिकागेने मला हिसकावून घेतलं आणि कापसाला स्पिरिट लावून यंत्रात बसणारे माझे तांब्याचे दात पुसले. आज सुरू झाले नाही तर पुन्हा पिशवीच, हे मला कळत होतं. जीव एकवटून मी एकदाची सुरू झाले.

"अगं बाई, हे बोळ केवढेसे दिसतायत आता," मिहो म्हणाली, आणि प्राण्याने दोघींना गिळलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती थांबली. कंट्रोलर उलटसुलट करून तिने माइकची जाळी पाहिली.

"ताई, मी बोलले की येतो का गं हा? म्हणजे इतकी वर्षं आपणच बोलावत होतो होय त्याला?"

मग तिने तोंडात संत्र्याची फोड कोंबली आणि ओठ मिटले.

खोलीत चिडीचूप झालं. पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं, तिसरंही. तिथून पुढच्या बोळात या दोघी कधीच आल्या नव्हत्या. पुढे चिकागे, मागे दिवा घेऊन मिहो. प्राणी छताला चिकटून कानोसा घेत होता. माझी भीतीने गाळण उडाली होती. शेवटचं दार समोर दिसू लागलं.

आणि पाच वाजले. मुलांनी घरी परतावं म्हणून गावातल्या खांबांवरच्या कर्ण्यांतून गाणं सुरू झालं. खिडकीतून ते आत आलं आणि माइकने ऐकलं. प्राणी अलगद उतरला, दिवा धरलेल्या बाईच्या बरोबर मागे. मिहोचं लक्ष दाराकडे होतं.

"मिहो, मागे बघ!"

भांडं खरवडावं तसा आवाज होता. पडदा काळा झाला. बाहेरचं गाणंही संपलं. मिहोचे डोळे भरून आले होते, पण तिने बहिणीकडे पाहिलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "तू ओरडलीस म्हणून मेलो."

चिकागेचा हात फोनकडे गेला. पण तिने फोनशेजारचं संत्रं उचललं आणि मिहोला फेकून मारलं.

"मी ओरडायच्या आधीच आला होता तो. दिवा कुणाच्या हातात होता, गधडे?"

एवढं लांबलचक वाक्य, त्याच घोगऱ्या, फाटक्या आवाजात. मिहो दचकली नाही. मीही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी डब्यात पडलं असेल. आम्हाला फुंकर मारू नका, ओल लागून आमचे दात गंजतात. स्पिरिट लावलेल्या कापसाने हळुवार पुसा. टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा, आणि शक्यतो एकट्याने खेळू नका. घाबरायला सोबत लागते, हे माझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

शेवटच्या दारामागे काय आहे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. अजून ते कुणी उघडलेलं नाही. मिहो संत्र्याच्या साली गोळा करून उठायला लागली, तेव्हा चिकागेने तिचा पदर धरावा तसा तिचा स्वेटर धरला.

"बस खाली," ती म्हणाली. "पुन्हा लाव."