सातव्या ओळीतील थोरा

मी १८८० सालच्या अमेरिकन जनगणनेचा एक पुरवणी तक्ता आहे. सगळ्यांचीच नोंद मुख्य तक्त्यांत होई. वेड्यांच्या इस्पितळांत, अनाथालयांत व तुरुंगांत ठेवलेल्यांच्या जादा माहितीसाठी आम्हांला निराळे छापण्यात आले होते.

विस्कॉन्सिनमधील एका वेड्यांच्या इस्पितळात, जून महिन्यात, मला भरण्यात आले. गणनेचा कारकून रुग्णांकडे वळूनही पाहत नव्हता. अधीक्षक सांगत आणि तो लिहीत असे.

"सात नंबर?"

"थोरा क्वामे, वय चोवीस. रोज दाराशी उभी राहते. येईल त्याला विचारते, माझं बाळ कुठाय?"

"त्याला रकाना नाही, साहेब. कुलपात ठेवावी लागते का, तेवढं सांगा."

"दिवसा आणि रात्रीही."

त्याने तसे लिहिले. शाई वाळली आणि मला एका जाड बांधणीत शिवून टाकण्यात आले. पुढे सरकारी दप्तरखान्यातील पत्र्याच्या पेटीत माझी एकशे अकरा वर्षे गेली. वाऱ्याने पान हलावे, इतकेही सुख मला लाभले नाही.

अखेर एके दिवशी पेटी उघडली. समोर दोघी वृद्ध बहिणी होत्या: मार्लिस आणि तिची थोरली बहीण आर्डिथ. त्यांच्या घराण्याच्या थडग्यावर नवा दगड बसायचा होता, आणि त्यावर पणजीचे नाव घालावे की नाही, यावरून दोघींत वाद होता.

"अकरा दिवसांचं पोर पाळण्यात टाकून भांडीवाल्याबरोबर गेलेली बाई," आर्डिथ म्हणाली. "तिचं नाव आजोबांच्या शेजारी कोरायचं? दगडाला तरी लाज वाटेल."

"ताई, तू भांडीवाला पाहिला होतास का?"

"तुला बरा सगळ्यांचा पुळका."

मार्लिस बारा वर्षे शोधत होती. इस्पितळाच्या मुख्य तक्त्यात तिला एवढेच मिळाले होते: 'टी. के., रुग्ण, वय २४'. अशी कुणीही असू शकली असती. पण तेथील पान व ओळ यांचे आकडे माझ्या समासात होते, आणि त्यांच्यापुढे संपूर्ण नाव व मूळ गाव.

"आपलंच गाव," मार्लिस हळूच म्हणाली. तिचे बोट पुढच्या रकान्यावर थांबले. "आजार सुरू होऊन, तीन वर्षं तीन महिने. ताई, आजोबा कधी जन्मले?"

"सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये." आर्डिथने चष्मा काढून पुसला. "म्हणजे बाळंतपणातच नेली तिला."

तिने चष्मा पुन्हा लावला आणि ती ओळ स्वतः वाचली.

"मधोमध कोरायला सांग नाव," आर्डिथ म्हणाली. "कडेला नको." मग तिने पेटी उघडून देणाऱ्या दप्तरदाराला विचारले, "तिला बाळाची आठवण होती का हो? कुठं लिहिलंय?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत वाचले.

"त्याला रकाना नाही, बाई."

मला ठाऊक होते. मी तिथेच, मेजावर, तिच्या हाताखाली होतो. आणि मला बोलता आले नाही.

पेटी पुन्हा बंद झाली आहे. माझ्या पानावर आणखी एकोणीस नावे आहेत; त्यांची चौकशी करण्यास अद्याप कोणी आलेले नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी आर्डिथला भेटलाच, तर तिला एवढे सांगा: थोरा रोज दाराशी उभी राहत असे.