बल्बखाली पाहिलेले डोळे

कापडाच्या रंगाच्या छटा जुळवणं हे माझं काम. गेली सतरा वर्षं नव्या पोरांच्या कानीकपाळी ओरडतोय, रंग बल्बखाली बघू नका, खिडकीशी न्या. आणि माझ्याच नऊ वर्षांच्या लेकीचे डोळे पिवळे झालेले मला दिसले नाहीत! सकाळी ती उठायच्या आत मी कामावर, आणि परत येतो तेव्हा घरात पिवळा बल्ब. बायको म्हणाली, "अहो, हिचे डोळे बघा ना जरा." मी बल्बखालीच बघितले. "काही नाही, तुला उगाच वाटतं." शेवटी शाळेच्या मैदानावर बाईंच्या लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. स्वादुपिंड सुजलंय, त्यानं पित्ताची नळी दाबलीय, म्हणून पित्त आतड्यात न उतरता रक्तात चढतंय. मुलांमध्ये हे फार क्वचित होतं. सुईनं काढलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, पण एवढ्याशा तुकड्यावर छातीठोक सांगता येत नाही.

"शरीरच स्वतःवर उलटलं असेल, तर या गोळ्यांनी सूज उतरेल. दोन आठवडे बघू. नाही उतरली तर मोठं ऑपरेशन. आणि मध्ये ताप आला, तर तासभरही थांबू नका."

मी कामावर रजा टाकली, गोळ्या सुरू झाल्या. दर तासाला तिच्या कपाळाला हात लावायचो. सकाळी तिला खिडकीशी उभी करून डोळ्याशेजारी छटांची पट्टी धरायचो. "बाबा, मला पण रंगाच्या पिंपात बुडवणार का?" ती अंग खाजवत विचारायची. मला हसू यायचं नाही. पाचव्या दिवशी डोळे फिके वाटले, रक्तातला पित्ताचा आकडा मात्र जागच्या जागी. माझी नजर आता मलाच फसवत होती. पट्टी बायकोकडे देऊन टाकली.

सगळ्यात धास्ती संडासाची. पित्त उतरत नव्हतं, म्हणून शी पांढरट, मातीसारखी. रोज मी दाराबाहेर देव आठवत उभा.

दोन आठवडे संपायला एक दिवस उरला होता. आतून हाक आली, "बाबा, लवकर ये! तपकिरी आहे!"

"आधी बल्ब बंद कर!" मी ओरडतच आत शिरलो.

"बंदच आहे," ती म्हणाली. "मी खिडकी उघडलीय."

मी वाकून पाहिलं. तपकिरीच होती. दाराला धरून मी खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.